काळ आहे तोवर

१२ जून, बुधवार

ही वही डोलोरेसने दिली, आम्ही दोघी शाळेतून निवृत्त झालो त्या दिवशी. मुखपृष्ठावर निवडुंगाचं चित्र आहे. टूसॉनच्या वाळवंटात दोघींनी मिळून घर करायचं आणि तिथल्या नव्या आयुष्याची नोंद मी हिच्यात करायची, असं ठरलं होतं. डोलोरेस मे महिन्यातच तिकडे जाऊन राहिली. मी मात्र पहिलं पान लिहितेय उत्तरेकडे, सरोवरकाठच्या आमच्या जुन्या गावात, टॅमरॅक कोव्हमध्ये, भावाच्या स्वयंपाकघरात, अंगात लोकरी स्वेटर घालून.

कारण रेइनो. शेडच्या छपरावरचं शेवाळ खरवडायला चढला आणि खाली आला तो खुब्याचं हाड मोडूनच. बहात्तराव्या वर्षी. दवाखान्यातून त्याने मला फोन केला. कसा आहेस विचारलं तर म्हणाला, "बरा आहे. दुकान बघ जरा. फॉर द टाइम बीइंग." म्हणजे तूर्तास, सध्यापुरतं. एवढं सांगून फोन ठेवला. आमच्या घरात प्रेम करायची हीच पद्धत आहे.

चार-सहा आठवडे धरून चालले आहे. डोलोरेसला तसं कळवलं. तिने अंगणातल्या निवडुंगाला फूल आल्याचा फोटो पाठवला.

१५ जून, शनिवार

दुकान पास्टीचं. पास्टी म्हणजे करंजीच्या आकाराचीच, पण एक खाल्ली की संध्याकाळपर्यंत भूक लागत नाही अशी. आत मांसाचे तुकडे, बटाटा, कांदा आणि पिवळा सलगम. आमचे आजोबा ती डब्यात घेऊन तांब्याच्या खाणीत उतरायचे. खाणी बंद पडल्या, पास्टी राहिली. वहिनी होती तोवर तिने दुकान चालवलं, ती गेल्यावर रेइनोने. त्याच्या हातच्या पास्ट्या फुटतात, पण गावातल्या कुणी त्याला तसं सांगितलेलं नाही.

मार्चपासून त्याने एक बाई ठेवली आहे. मिमोझा. अल्बेनियाची, श्कोदर गावची, पस्तिशीची असेल. नवरा इलिर तिकडे डेट्रॉईटजवळ एका पिझ्झाच्या दुकानात भट्टी सांभाळतो. ही इथे एकटी, दुकानावरच्या दोन खोल्यांत. पास्टीला मुरड अशी घालते की बघत राहावं. आणि बोलते भरपूर. तिचं इंग्रजी म्हणजे सगळे शब्द बरोबर आणि सगळे चुकीच्या खोलीत ठेवलेले. काल एका गिऱ्हाइकाला म्हणाली, "तुमचा खूप खूप निरोप." तो माणूस आभार समजून हसला.

मी बत्तीस वर्षं आठवीच्या मुलांना इंग्रजी शिकवलं. हे ऐकून गप्प बसणं माझ्याच्याने होत नाही.

१९ जून, बुधवार

दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा मिमोझाला रोज एक वाक्प्रचार शिकवायचा असं ठरलं. मीच सुचवलं. ती पारी लाटते, मी सारण भरते, आणि मध्ये एक वाक्प्रचार असतो. कालचा 'वन्स इन अ व्हाइल', म्हणजे अधूनमधून. तिला पटलं. आजचा 'बाय अँड लार्ज', म्हणजे एकंदरीत. हा पटला नाही. "मोठं काय आहे यात?" म्हणाली. मी सांगितलं, शब्द वेगवेगळे करून बघायचे नसतात, सगळा मिळून एक अर्थ असतो. ती म्हणाली, "मग शब्द कशाला घालता?"

ती मला तेता म्हणते. त्यांच्याकडे मावशीला म्हणतात.

२४ जून, सोमवार

रेइनो घरी आला. वॉकर धरून अंगणातल्या सौनापर्यंत, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाणीघरापर्यंत, जातो, दाराला हात लावतो आणि परत येतो. डॉक्टरांनी सौनाची उष्णता सध्या नको म्हणून सांगितलंय, तर तोंड असं केलंय जसं कुणी धर्म बदलायला सांगितला.

दिवसभर रेडिओवर बेसबॉल ऐकतो. मी दुकानातलं काही सांगायला लागले की आवाज वाढवतो.

३ जुलै, बुधवार

उद्या स्वातंत्र्यदिनाची सुट्टी म्हणून गावात पाहुणे लोटले आहेत. एका दिवसात सगळ्या पास्ट्या संपल्या. मिमोझाने उरलेल्या कणकेची पातळ पानं लाटून पालक-चीज घालून ब्युरेक केला. तिच्या आईच्या पद्धतीने. आमच्या गावातली माणसं नवीन पदार्थाला हात लावत नाहीत, म्हणून मी पाटीवर 'पालकाची पास्टी' असं लिहिलं. तीही संपली. म्हातारा सँफ्रिड दोनदा आला आणि दुसऱ्यांदा केचप मागितला. मिमोझाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो केचप न घेताच गेला.

कळा गुडघ्यात आहेत, बोटांत सलगमाचा वास आहे. झोप मात्र छान लागते हल्ली. डोलोरेसचा फोन घ्यायचा राहिला.

११ जुलै, गुरुवार

आज जे कळलं ते कुठून लिहू.

दुपारी मागच्या अंगणात गेले तर मिमोझा कुदळीने खड्डा खणत होती. शेजारी द्राक्षाचं रोप. इथल्या थंडीत टिकणारी जात आहे म्हणे, तिने चौकशी करून मागवली. त्यांच्याकडे अंगणात मांडवावर द्राक्षाचा वेल नसेल तर त्याला घर म्हणत नाहीत. तीन वर्षांनी सावली धरेल, मग खाली टेबल टाकायचं, इलिर तिथे बसून कॉफी पिईल, असं सगळं तिने हाताने हवेत काढून दाखवलं. इलिर नोकरी सोडून महिनाअखेरीस कायमचा इकडे येतोय, हेही सांगितलं.

मी सहज म्हटलं, तीन वर्षांचं कुणी सांगावं.

ती हसली. "मिस्टर रेइनोनी सांगितलंय ना. खोल्या तुझ्या, काम तुझं, फॉर द टाइम बीइंग."

मी म्हटलं, "त्याचा अर्थ काय समजलीस तू?"

"मला वाटलं होतं तुम्ही विचाराल," असं म्हणून तिने कुदळ ठेवली आणि धडा म्हणून दाखवावा तसं सांगितलं. टाइम म्हणजे काळ. बीइंग म्हणजे असणं. काळ असण्यापर्यंत. काळ आहे तोवर. "आमच्याकडे एवढं मोठं कुणी बोलत नाही, तेता. लग्नातसुद्धा मरेपर्यंतच म्हणतात. त्या दिवशी मी इलिरला फोन करून रडले. म्हटलं, इथले लोक कमी बोलतात, पण काय बोलतात."

मी पास्टरच्या प्रवचनातली चूक दारात उभं राहून सांगितलेली बाई आहे. इथे मात्र मी नुसतं "माती दाबून घट्ट कर," म्हटलं आणि आत आले.

१२ जुलै, शुक्रवार

तिने मुद्दाम विचारलं, माझा अर्थ बरोबर आहे ना, तेता? मी म्हटलं, "वाक्यावर अवलंबून असतं." बत्तीस वर्षांच्या नोकरीत कुठल्या मुलाने मला असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला शून्य दिलं असतं.

१४ जुलै, रविवार

मन स्वस्थ नाही म्हणून चर्चला गेले आणि तिथेही तेच. पुढच्या बाकांना वाळवी लागली म्हणून माझ्या लहानपणी घडीच्या खुर्च्या आणल्या होत्या, फॉर द टाइम बीइंग. मी आज त्यातल्याच एकीवर बसले. पास्टर हालबर्ग नवीन पास्टर मिळेपर्यंत म्हणून आले होते, त्यांची मुलं इथेच शिकून लग्नं करून गेली. ओढ्यावरच्या पुलाला तात्पुरता कठडा आहे, त्याला दरवर्षी रंग देतात. दंतवैद्याने रेइनोच्या दाढेत तूर्तास म्हणून जे भरलं ते दाढ पडेपर्यंत टिकलं.

शब्दकोशात एका ओळीचा अर्थ आहे: सध्यापुरतं, पुढे काही ठरेपर्यंत. त्यातलं 'बीइंग' म्हणजे 'आत्ता चालू असलेला', एवढंच. जुन्या बोलण्यातलं उरलेलं. पण या गावात वापर बघितला तर मिमोझा फार चुकली असं म्हणता येत नाही. हा विचार मनात आला तेव्हा बरं वाटलं. मग लक्षात आलं की मी न सांगण्यासाठी कारण शोधतेय.

१६ जुलै, मंगळवार

रेइनोशी बोलले. रेडिओ मीच बंद केला.

दुकान तो विकणार आहे. प्रुइट नावाचा कुणी माणूस दक्षिणेकडून येऊन सरोवरकाठच्या जागा घेतोय, त्याला इथे पर्यटकांना होड्या भाड्याने द्यायच्या आहेत. महिनाअखेरीस जागा बघायला येणार आहे. मला का सांगितलं नाहीस विचारलं तर म्हणाला, तू तरी सप्टेंबरपर्यंत कुठे आहेस इथे.

मी मिमोझाचं सांगितलं. द्राक्षाचा वेल, इलिरची नोकरी, सगळं. त्याने वॉकर जवळ ओढला. मग म्हणाला, "मी खोटं काय बोललो? तूर्तास म्हटलं, तूर्तासच होतं. तूच सांग, इंग्रजीची बाई तू आहेस."

मी म्हटलं, "तू बरोबर बोललास. पण तिला जे ऐकू आलं त्यावर तिने नवऱ्याला नोकरी सोडायला सांगितलंय."

"मग तो तिचा दोष."

"तिचा नाही. तुझाही नाही. पण विकणार आहेस हे तुला माहीत होतं आणि तिला नव्हतं. तेवढं तरी सांगायचं होतंस."

"व्हर्ना," तो म्हणाला, "मी थकलोय." थकलेला दिसतोही. मी रेडिओ लावून दिला.

आयुष्यभर मी मुलांना सांगत आले की शब्दाचा अर्थ शब्दकोशात असतो, तुमच्या मनात नसतो. आज भावाने तेच मला ऐकवलं आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

२० जुलै, शनिवार

उद्या सांगते. आज गर्दी होती.

२२ जुलै, सोमवार

काल रविवार, दुकान बंद. आज मिमोझाचा वाढदिवस निघाला. वाढदिवसाला कसं सांगणार? मी वेलची घातलेला आमच्याकडचा गोड पाव भाजून नेला. तिने अर्धा इलिरसाठी फडक्यात बांधून ठेवला.

डोलोरेसने विचारलं, केव्हा निघतेस. म्हटलं, इथलं एक प्रकरण मिटलं की. कसलं प्रकरण? म्हटलं, व्याकरणाचं.

२५ जुलै, गुरुवार

सांगितलं.

दुपारी, रोजच्या वाक्प्रचाराच्या वेळी. मी म्हटलं, आज नवीन काही नाही, एका जुन्याचा अर्थ तुला चुकीचा कळलाय आणि तो मला तेव्हाच सांगायला हवा होता. मग सांगितला. दुकान विकायचं चाललंय हेही सांगितलं. तिने हातातल्या पास्टीची मुरड पूर्ण केली, ताटात ठेवली, पुढची घेतली. तिचीही पूर्ण केली. मग हात पुसले.

"थोडे दिवस म्हणायचं असेल तर आम्ही थोडे दिवस म्हणतो," ती म्हणाली. "तुमच्याकडे थोडे दिवस म्हणायला काळ लागतो, असणं लागतं. एवढे मोठे शब्द एवढ्याशासाठी."

मी म्हटलं, हो.

"आणि तुम्हाला त्या दिवशीच कळलं होतं. खड्ड्यापाशी."

मी पुन्हा हो म्हटलं.

ती मागच्या दाराने बाहेर गेली, इलिरला फोन करायला. बराच वेळ अंगणातून तिचा आवाज येत होता. परत आली तेव्हा चेहरा असा होता की मला वाटलं आता ओरडेल. पण तिने शांतपणे सांगितलं की इलिरने काल राजीनामा दिला. त्याच्या जागी माणूसही घेतला. भट्टीवरच्या पोरांनी त्याला निरोपाचं जेवण दिलं, हार घातल्यासारखा लसणाचा गजरा गळ्यात घातला. सामान गाडीत भरून झालंय.

एक दिवस आधी सांगितलं असतं तर.

"मॅडम, ओव्हन बघा, जळेल," ती म्हणाली. मॅडम म्हणाली.

२७ जुलै, शनिवार

मॅडम, मीठ द्या. मॅडम, गिऱ्हाईक आहे. इंग्रजी एकदम निर्दोष बोलायला लागली आहे. हे ऐकवत नाही.

संध्याकाळी इलिर आला. धिप्पाड माणूस, मिशा, आणि गाडीच्या टपावर दोरीने बांधलेला गाद्यांचा डोंगर. मला वाटलं आता हाही बोलेल. त्याने खाली उतरून माझा हात दोन्ही हातांत धरला आणि मिमोझाने शिकवलेलं "भेटून आनंद झाला" हे वाक्य म्हणून दाखवलं, मग हसून आपल्या भाषेत पुष्कळ काही बोलला. ती म्हणाली, "तो म्हणतो, जागा छान आहे." एवढंच नक्कीच नव्हतं.

मग तो आत गेला, ओव्हनसमोर उभा राहिला, दार उघडून आत डोकं घातलं. डावीकडच्या पास्ट्या नेहमी करपतात, म्हणून आम्ही त्या फिरवून ठेवतो. वहिनीच्या काळापासून फिरवतोय. इलिरने हे विचारलंसुद्धा नाही. हत्यारांची पेटी आणायला गाडीकडे गेला.

२९ जुलै, सोमवार

सविस्तर लिहिते, कारण असे दिवस माझ्या आयुष्यात फार आले नाहीत.

प्रुइट आला. पांढरे बूट, चांगला माणूस वाटला, उगाच वाईट म्हणणार नाही. रेइनो खुबा मोडल्यानंतर आज पहिल्यांदा दुकानात आला, वॉकर घेऊन, स्वच्छ शर्ट घालून. मी त्याला खिडकीपाशी खुर्ची दिली. इलिर अर्धा ओव्हनमध्ये होता, बाहेर नुसते पाय. मिमोझा मुरड घालत होती आणि वर बघत नव्हती. तिला सकाळीच मी सांगितलं होतं कोण येणार आहे ते. या वेळी आधी सांगितलं.

प्रुइट फिरला, भिंतीला हात लावून बघितला. ही भिंत पाडायची, म्हणाला. इथे होड्या. ओव्हन भंगारात. इलिरला इंग्रजी कळत नसावं, तो आतून काहीतरी गुणगुणत होता. मग प्रुइट मिमोझाकडे वळला आणि खरोखर भल्या मनाने म्हणाला, "तुम्ही लगेच जाऊ नका हं. वरच्या खोल्या आहेतच. तुम्ही राहा की, फॉर द टाइम बीइंग."

मिमोझाने हातातली पास्टी खाली ठेवली.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"टाइम बीइंग. तुमचा. किती दिवसांचा असतो?"

तो हसला, मग तिचा चेहरा बघून हसायचा थांबला. "पहिलं बर्फ पडेपर्यंत समजा."

"धन्यवाद," ती म्हणाली. "कुणीतरी सांगितलं." आणि पुन्हा मुरड घालायला लागली.

मी रेइनोकडे बघितलं. तो तिच्या हातांकडे बघत होता. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आमच्या घरात लाज चेहऱ्यावर येत नाही, कानांवर येते. आपलेच शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं सोपं नसतं.

तेवढ्यात इलिर ओव्हनमधून बाहेर आला, नाकाला काजळी, हातात एक वाकडी झालेली पत्र्याची पट्टी. ती रेइनोपुढे धरून म्हणाला, "हा. हा वाईट." मग घाईघाईने एक ताट आत सरकवलं आणि सगळ्यांनी थांबायचं अशी खूण केली. आम्ही थांबलो. प्रुइटसुद्धा थांबला, भिंत पाडायची असली तरी वास येतच होता. ताट बाहेर आलं. डावीकडून उजवीकडे सगळ्या पास्ट्यांचा एकच रंग होता.

रेइनोने एक उचलली, गरम असूनही. उलटून खालून बघितली. कितीतरी वेळ. "एल्माने बघायला हवं होतं," म्हणाला. वहिनीचं नाव त्याने तिच्या अंत्यविधीनंतर माझ्यासमोर घेतलं नव्हतं.

मग तो प्रुइटला म्हणाला की तुम्हाला एवढ्या लांब यायचा त्रास झाला, माफ करा, दुकान विकायचं नाही.

प्रुइट म्हणाला, "तूर्तास नाही, की..."

"नाही म्हणजे नाही," रेइनो म्हणाला. "ही माणसं चालवतील. हळूहळू त्यांचंच होईल. कसं ते आम्ही बसून ठरवू." आणि मिमोझाकडे वळून, एकेक शब्द सुटा करत, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं म्हणाला, "तुम्ही इथे राहायचं. पाहिजे तोवर. तुम्हाला पाहिजे तोवर. मला नाही. कळलं?"

मिमोझाने माझ्याकडे बघितलं. "तेता," ती म्हणाली, "यात काही लपलेलं नाही ना?"

मी म्हटलं नाही, हे साधं वाक्य आहे. मग मला कांदा चिरायचा होता म्हणून मी मागे गेले. चिरलेला कांदा पुष्कळ होता हे नंतर लक्षात आलं.

प्रुइट सहा पास्ट्या बांधून घेऊन गेला.

१० ऑगस्ट, शनिवार

रेइनो आता रोज दुकानात येऊन खिडकीत बसतो आणि इलिरशी वाद घालतो. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, त्यामुळे वाद लांबत नाही. सलगम घालायचा की नाही यावर काल दोघांनी हातवारे करून अर्धा तास घालवला. रेइनो जिंकला असं रेइनो म्हणतो.

दुपारचे वाक्प्रचार पुन्हा सुरू झाले. पहिल्याच दिवशी मिमोझाने अट घातली: आधी तुम्ही सांगायचं की तो किती दिवसांसाठी आहे.

२ सप्टेंबर, सोमवार

आज उन्हाळी सुट्टीचा शेवटचा दिवस, पाहुणे परतले. डोलोरेसला म्हटलं होतं की यानंतर निघेन. पण इलिरला काउंटरवर उभं करता येत नाही, तो सगळ्यांना फुकट वाढतो. मिमोझाच्या परीक्षेची तयारी चालू आहे, नागरिकत्वाची. नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा हंगाम, तेव्हा शिकारी पहाटेपासून रांग लावतात; त्यात त्यांना एकटं सोडणं बरं नाही. तो उरकला की जाईन. नाताळ टूसॉनमध्ये.

आज दुकानासाठी नवीन पडदे शिवले. जुने अगदीच विटले होते.

५ ऑक्टोबर, शनिवार

डोलोरेसशी तासभर बोलले. तिकडे अजून इतकं ऊन आहे की दुपारी बाहेर पडता येत नाही. शेजारची एक बाई आहे, बर्निस, दोघी मिळून पत्ते खेळतात. बर्निसला घराचं भाडं जड जातंय, तर माझी खोली रिकामी आहे तोवर तिला देऊ का, असं डोलोरेसने जरा चाचरत विचारलं. फॉर द टाइम बीइंग, म्हणाली.

मी म्हटलं, दे की. खोली रिकामी ठेवून काय करायचंय. मला इथे वसंतापर्यंत तरी सवड दिसत नाही.

आश्चर्य म्हणजे दोघींनाही वाईट वाटलं नाही. मग तिने ती वाचत असलेल्या पुस्तकाविषयी सांगितलं, मी इलिरच्या सलगमाविषयी.

९ नोव्हेंबर, शनिवार

पहिलं बर्फ पडलं. डॉक्टरांनी रेइनोला सौनाची परवानगी दिली. तो एकटा आत गेला नाही, इलिरला बोलावलं. आमच्या भागात सौनाला बोलावणं म्हणजे माणूस घरचा झाला. रेइनो हे तोंडाने म्हणणार नाही, त्याने नुसता टॉवेल इलिरच्या खांद्यावर टाकला.

मी आणि मिमोझा स्वयंपाकघरात कॉफी पीत होतो. ती मंगळवारी परीक्षा पास झाली. तोंडी भागात तिला विचारलं होतं, तुम्हाला या देशात किती काळ राहायचं आहे, आणि ती म्हणाली, मला पाहिजे तोवर. परीक्षा घेणाऱ्या बाईंनी पुढचा प्रश्न विचारलाच नाही म्हणे.

खिडकीतून सरोवरापर्यंतची वाट दिसते. सौनाचं दार उघडलं, वाफेचा लोट बाहेर आला आणि पाठोपाठ इलिर, उकडलेल्या खेकड्यासारखा लाल. मागून रेइनो काठी टेकत आला आणि त्याने काठीने सरळ पाण्याकडे दाखवलं. इलिरने बर्फ बघितलं, पाणी बघितलं, रेइनोकडे बघितलं. मग छातीवर हात ठेवून धावत सुटला आणि पाण्यात उडी मारली.

जी आरोळी उठली ती अर्ध्या गावाने ऐकली असेल. एकच शब्द, लांबलचक, आणि तो पुन्हा पुन्हा. रेइनो काठीवर वाकून हसत होता. मी त्याला इतकं हसताना बघितल्याचं मला आठवत नाही.

मी मिमोझाला विचारलं, काय म्हणतोय तो? हा शब्द मला माहीत नाही, अर्थ काय?

ती कानापर्यंत लाल झाली. कपात तोंड लपवून हसू आवरायला बघत होती आणि ते आवरत नव्हतं.

"त्याला अर्थ नाही, तेता," शेवटी म्हणाली. "नुसता वापर आहे."